ओठ शिवला, पुढे काय? दुभंगलेले ओठ-टाळू, चेहरा-कवटीचे जन्मजात दोष आणि उपचार करणारी टीम

सई_ची_आई

माझी लेक चौथीत आहे. जन्मतः तिचा डावीकडचा ओठ, हिरडी आणि तोंडातली टाळू दुभंगलेली होती. नुकतंच नात्यातल्या एका घरी असंच बाळ जन्मलं आणि जो तो त्या आईला फोन करून एकच सांगत होता, "हल्ली ऑपरेशन होतं गं, कळतसुद्धा नाही." धीर द्यायला ठीक आहे, आणि ओठापुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण याच वाक्यावर विसंबून आईबाप ओठ शिवून घरी जातात आणि पुढचं सगळं राहून जातं. म्हणून हा धागा काढतेय.

माझं सांगणं एवढंच आहे: नुसता चांगला सर्जन शोधू नका, टीम शोधा.

ओठ गर्भाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या. कित्येकींना तेव्हा दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. जगभर साधारण ७०० जन्मांमागे एका बाळात हे जुळणं अपुरं राहतं. वरून दिसते ती फक्त फट. पण त्या एका जागेशी दूध ओढणं, कानातल्या हवेचा दाब, बोलणं, दात, वरच्या जबड्याची वाढ आणि नाक एवढ्या गोष्टी बांधलेल्या असतात. प्रत्येकीचा डॉक्टर वेगळा, आणि एकाने घाई केली तर दुसऱ्याचं काम अवघड होतं.

आम्हाला सुरुवातीलाच एका कागदावर सगळं वेळापत्रक लिहून मिळालं. ते इथे देते, कारण असा कागद फार जणांना मिळत नाही. आधी पाजणं आणि वजन. ओठाचं ऑपरेशन ३ ते ६ महिन्यांच्या दरम्यान. टाळूचं ९ ते १८ महिन्यांत, म्हणजे बोलणं जुळायच्या आत. कान पहिल्यापासून आणि सतत. बोलण्यावर लक्ष वर्षाच्या आतच सुरू, आणि टाळू अपुरी पडत असेल तर चार-पाच वर्षांच्या आसपास तिच्यावर दुसऱ्या ऑपरेशनचा निर्णय. ७ ते ११ वर्षांत कमरेचं हाड घेऊन हिरडीतल्या फटीत भरायचं. मग दातांना तारा. जबडा मागे राहिला असेल तर त्याचं ऑपरेशन वाढ थांबल्यावर, आणि नाकाची शेवटची दुरुस्ती त्याच्याही नंतर. सगळ्या मुलांना सगळं लागत नाही. पण काय लागेल हे ठरवायला कुणीतरी अठरा वर्षं त्या मुलाकडे बघत राहायला हवं.

पाजण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सुरुवातीचे आठवडे त्यातच जातात. टाळू उघडी असली की बाळाला तोंडात ओढ तयार करता येत नाही. ते छातीला लागतं, चोखल्यासारखं करतं, दमून झोपतं, आणि पोटात फार थोडं गेलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं, छान प्यायलं. दूध काढून बोंडल्याने, वाटी-चमच्याने किंवा दाबता येईल अशा मऊ बाटलीने द्यायचं. बाळाला आडवं न ठेवता उभट धरायचं, मधेमधे ढेकर काढायचा, कारण हवा खूप जाते. नाकातून दूध आलं तर घाबरायचं नाही, थांबायचं, पुसायचं, पुन्हा सुरू करायचं. एक वेळचं पाजणं अर्ध्या तासाच्या पुढे गेलं तर प्यायलेलं बरंचसं त्या कष्टातच खर्च होतं. आणि वजन एकाच काट्यावर, दर आठवड्याला. ओठाच्या ऑपरेशनसाठी दहाचा जुना नियम आहे: दहा आठवडे, दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन दहा. बाळ तिथपर्यंत नीट पोचवणं हाच पहिला उपचार आहे, आणि तो आईच्या हातात असतो. म्हणून तिला हे शिकवणारं माणूस पहिल्या दोन दिवसांत भेटायलाच हवं.

ज्यांनी हे केलंय, करताहेत, त्यांनी लिहा. डॉक्टर मंडळींनीही.

कृष्णाकाठ

सईची आई, छान धागा. मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात आणि जबडा जागेवर आणणारा दंतवैद्य आहे, या मुलांचं काम बरीच वर्षं करतोय.

आमचं काम तारा लावण्यापासून सुरू होतं असा समज आहे. खरं तर आम्हाला बाळ पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दिसलं तर फार उपयोग होतो. फट रुंद असेल, नाक एका बाजूला बसलेलं असेल तर टाळूच्या मापाची प्लेट करून ती दर आठवड्याला थोडी थोडी बदलत हिरडीचे दोन भाग जवळ आणता येतात आणि नाकपुडीला आकार देता येतो. न्यूयॉर्कच्या डॉ. बॅरी ग्रेसन यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रुजवली. जन्मानंतर काही आठवडे कूर्चा मऊ असते, तेवढ्यातच हे जमतं. तीन महिन्यांनी "आधी तुम्हाला दाखवायचं होतं का?" असं विचारत पालक येतात तेव्हा वाईट वाटतं. प्रत्येक बाळाला प्लेट लागतेच असं नाही, दर आठवड्याच्या फेऱ्या झेपतात का तेही बघावं लागतं.

दुसरी गोष्ट, हाड भरण्याची. ती सुळ्याच्या दातावर ठरते, वाढदिवसावर नाही. सुळा हिरडीतून खाली येण्याआधी हाड भरलं तर तो त्या नव्या हाडातून उतरतो आणि हाड टिकतं. उशीर झाला की यश कमी होतं. त्यामुळे सहा-सात वर्षांच्या पुढे दरवर्षी एक्स-रे बघायचा. फटीजवळचा दात वेडावाकडा आहे म्हणून जवळच्या दवाखान्यात परस्पर काढून टाकू नका, आधी टीमला विचारा. किडलेले दातही वेळेत भरून घ्या, तोंडात कीड असताना हाड भरता येत नाही.

फाइलवर "ग्रुप ३, डावा" असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. ते नागपूर वर्गीकरण. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम केलेले प्लास्टिक सर्जन डॉ. सी. बालकृष्णन यांनी ते १९७५ मध्ये मांडलं. ग्रुप १ म्हणजे फक्त ओठ, २ म्हणजे फक्त टाळू, ३ म्हणजे दोन्ही.

माधुरी_स

आमचं उलटं झालं. मुलाचा ओठ नीट, टाळूही वरून अखंड. पाच वर्षांचा असताना सारखी सर्दी, घोरणं, म्हणून एका ठिकाणी त्याच्या अॅडेनॉइड्स, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, काढल्या. घोरणं थांबलं आणि बोलणं एकदम नाकात गेलं. आधी थोडं होतं, आता वर्गातल्या बाईंनाही कळेना. वर्षभर सगळे म्हणत राहिले की होईल हळूहळू. शेवटी एका स्पीच थेरपिस्टने तोंडात टॉर्च मारला आणि पडजीभ दोन टोकांची आहे हे दाखवलं. कातडीखाली टाळूचे स्नायू जुळलेलेच नव्हते.

कुणी ऑपरेशनआधी एकदा "आ कर" म्हटलं असतं तर?

स्वरांजली

माधुरीताई, तुमचा अनुभव वाचून काळजात कालवलं, आणि दुर्दैवाने तो नवा नाही. मी स्पीच थेरपिस्ट आहे. टाळू आखूड असली की मूल बोलताना तिला मागे अॅडेनॉइडच्या उंचवट्यावर टेकवून काम भागवतं. तो उंचवटा काढला की आधारच जातो. म्हणून अॅडेनॉइड्स काढण्याआधी पडजीभ बघायची, बोट फिरवून टाळूच्या मागच्या कडेला खाच लागते का पाहायचं, आणि लहानपणी नाकातून दूध यायचं का हे आईला विचारायचं. दुभंगलेल्या टाळूच्या मुलात हा निर्णय कान-नाक-घसा तज्ज्ञ, सर्जन आणि थेरपिस्ट यांनी मिळून घ्यायचा असतो. टीम कशाला हवी याचं याहून स्पष्ट उदाहरण मला देता येणार नाही.

कानाचंही तसंच. टाळूचे जे स्नायू कानाची नळी उघडतात तेच इथे नीट जोडलेले नसतात, त्यामुळे पडद्यामागे पाणी साठणं या मुलांमध्ये जवळपास ठरलेलं. कान दुखत नाही, वाहत नाही, मूल फक्त कमी ऐकतं. कमी ऐकलं की बोलणं आणखी मागे. श्रवणचाचणी दर काही महिन्यांनी व्हायला हवी, आणि लागलं तर टाळूच्या ऑपरेशनच्या भुलीतच पडद्यात ग्रोमेट म्हणजे बारीकशी नळी बसवता येते. एक भूल वाचते. पण त्यासाठी दोन डॉक्टरांनी आधी एकमेकांशी बोलायला हवं.

आता बोलण्याबद्दल. कळकळीने सांगते, फुगे फुगवायला लावणं, शिट्ट्या, स्ट्रॉने पाणी ओढणं यांनी बोलणं सुधारत नाही. फुंकताना टाळू जसं काम करते तसं ती बोलताना करत नाही. पालक वर्षानुवर्षं फुगे फुगवून घेतात आणि मूल कंटाळून जातं.

प, ब, ट, ड, च, स या आवाजांना तोंडात दाब लागतो. दाब नाकातून निसटला की मूल "बाबा" म्हणायला जातं आणि आपल्याला "मामा" ऐकू येतं. काही मुलं मग घशातच आवाज अडवून बोलायला शिकतात. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. घशातली सवय थेरपीने जाते, ऑपरेशनने नाही. टाळू मागच्या भिंतीपर्यंत पोचतच नसेल तर ते ऑपरेशनने सुटतं, कितीही थेरपी केली तरी सुटत नाही. कुठलं आहे हे मूल बोलत असताना नाकातून कॅमेरा घालून किंवा हलत्या एक्स-रेवर बघावं लागतं, आणि ते चित्र सर्जन आणि थेरपिस्ट दोघांनी शेजारी बसून बघायचं. ज्यांच्या गावात थेरपिस्ट नाही त्यांनी मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था लक्षात ठेवावी, सरकारी आहे. तमिळनाडूत तिरुवण्णामलै जिल्ह्यात चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेने गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घराजवळ थेरपी पोचवली. आपल्याकडे हे व्हायला हवं असं मला फार वाटतं.

वैतरणा

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात डॉक्टर आहे. या कार्यक्रमाचं उद्घाटन फेब्रुवारी २०१३ मध्ये आमच्या पालघरलाच झालं. दुभंगलेले ओठ-टाळू त्याच्या ३० आजारांच्या यादीत पहिल्यापासून आहेत. जन्म ते १८ वर्षं तपासणी आणि उपचार मोफत. बाळ घरी असताना आशाताई बघतात, अंगणवाडीत आम्ही वर्षातून दोनदा जातो, शाळेत एकदा.

सईची आई, तुमचं पटतं, तरी एक सांगतो. "टीम शोधा" हे मोखाड्याच्या पाड्यावरच्या बाईला कसं सांगू? ती आणि नवरा एक दिवस शहरात आले तर दोघांची मजुरी बुडते, घरी दोन पोरं शेजाऱ्यांवर. तिला जे पहिलं दार उघडं मिळतं ते शिबिराचं असतं. शिबिरांना नावं ठेवणं सोपं आहे. माझ्या भागातली कित्येक मुलं शिबिरातच ओठ शिवून आली आणि त्यांची वजनं वाढली, शाळेत गेली. नुकसान होतं ते नंतर. टाळूच्या तारखेला त्यांना कुणी फोन करत नाही.

सई_ची_आई

वैतरणा, तुमचं म्हणणं मोलाचं आहे. टीम म्हणजे शहरातल्या एका काचेच्या इमारतीत बसलेले दहा तज्ज्ञ असं मला म्हणायचं नाही. माझ्या लेखी टीम म्हणजे तीन गोष्टी. मुलाची एक लेखी योजना, जी सगळ्यांनी मिळून केलीय. वर्षातून निदान एकदा सगळ्यांनी त्या मुलाला एकत्र, एकाच दिवशी बघणं. आणि एक समन्वयक, जिचा फोन लागतो आणि जी तारीख चुकली तर स्वतः फोन करते. तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि नेमकी तीच नसते. ते काम मग आई करते, पिशवीत फायली घेऊन, या ओपीडीतून त्या ओपीडीत निरोप पोचवत. शिकलेल्या आईला ते जमतं. जिला वाचता येत नाही तिच्या मुलाने कमी बोलायचं का?

शिबिरात ओठ झाला असेल तरी काही बिघडलेलं नाही. पण त्याच दिवशी टाळूची तारीख आणि कुणाचा तरी नंबर त्या आईच्या हातात पडायलाच हवा.

वैतरणा

हे मान्य. आमच्याकडे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बालरोगतज्ज्ञ, श्रवण-वाचातज्ज्ञ, दंतवैद्य अशी पदं असतात. भरलेली असली तर जिल्ह्याच्या जागी अर्धी टीम तयारच असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुठली शस्त्रक्रिया बसते हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला) दाखल होण्याआधी विचारा. स्माइल ट्रेनसारख्या संस्था २००० पासून इथल्याच रुग्णालयांमार्फत मोफत ऑपरेशनं करून देतात. त्यांच्याकडे जाताना एवढं विचारा: ओठानंतरचं कोण बघणार?

लीड्सकर

इंग्लंडमधला अनुभव लिहिते. माझा मुलगा इथे जन्मला. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ओठ दिसला (नुसती टाळू असेल तर सहसा दिसत नाही) आणि दुसऱ्याच दिवशी क्लेफ्ट नर्सचा, म्हणजे दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या बाळांसाठीच असलेल्या नर्सचा फोन. तिने मला बाटली कशी दाबायची ते बाळ येण्याआधीच शिकवलं होतं.

पण इथेही हे आपोआप झालेलं नाही. १९९८ मध्ये सरकारने नेमलेल्या गटाचा अहवाल आला. तेव्हा ब्रिटनमध्ये ५७ ठिकाणी ही ऑपरेशनं व्हायची, बरेच सर्जन वर्षाला मोजकीच करायचे, आणि मुलांचं बोलणं, दात, जबड्याची वाढ युरोपातल्या चांगल्या केंद्रांपेक्षा मागे होती. अहवालाने सांगितलं, ८ ते १५ केंद्रं ठेवा आणि प्रत्येकात पूर्ण टीम बसवा. बऱ्याच डॉक्टरांना ते रुचलं नाही, पालकांनाही लांब जावं लागलं. पुढे पाच वर्षांच्या मुलांची पुन्हा पाहणी झाली तेव्हा परिणाम सुधारलेले होते. कल्पना त्याहून जुनी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावी हर्बर्ट कूपर या ऑर्थोडॉन्टिस्टने १९३८ मध्ये असं पहिलं केंद्र काढलं.

मुक्कामपोस्ट

भारतातलंही एक नाव घ्यायला हवं. मुंबईत शिकलेले डॉ. हिरजी अदेनवाला केरळात त्रिशूरला गेले आणि ज्युबिली मिशन रुग्णालयात आयुष्यभर या मुलांचं काम केलं. तिथल्या केंद्राला त्यांनी आपले मुंबईचे गुरू डॉ. चार्ल्स पिंटो यांचं नाव दिलं. मोठ्या शहरातच हे होतं असं नाही.

नानी_कोल्हापूर

माझ्या नातवाचा ओठ असा होता. शेजारपाजारच्या बायका सुनेला विचारायच्या, ग्रहणात काही चिरलंस का, विळी हातात घेतलीस का. मी सगळ्यांसमोर सांगितलं की तिला एक शब्द बोलायचा नाही. सासवांनो, हे आपणच थांबवायचं आहे. आधीच ती पोर रात्र-रात्र चमच्याने दूध पाजत असते.

टाळूच्या ऑपरेशननंतर पेज, मऊ भाताचा गुरगुट्या, पातळ वरण असंच दिलं आम्ही, सर्जनने परवानगी देईपर्यंत. भाकरीचा पापुद्रा, चिवडा, टोस्ट घरात दिसूच दिला नाही. प्रत्येक खाण्यानंतर दोन घोट पाणी.

अनिकेत_वाई

मी स्वतः असाच जन्मलेला, आता तिशी ओलांडली. आईवडिलांनी अपार केलं. पण इथे सगळे आईबाप आणि डॉक्टर बोलताहेत म्हणून मुलाच्या बाजूने लिहितो.

पंधराव्या वर्षी माझ्या नाकाची चर्चा माझ्यासमोर माझ्याशिवाय चालली होती. मला तेव्हा नाक नको होतं, मला वर्गात उठून वाचता यायला हवं होतं. टीममध्ये समुपदेशक हवाच, आणि मूल दहा-बारा वर्षांचं झालं की डॉक्टरांनी पहिला प्रश्न त्याला विचारावा: तुला यातलं काय त्रास देतं? ओठावरचा उरलेला व्रण मी तसाच ठेवला आहे, हा माझा निर्णय. जबड्याचं ऑपरेशन बारावीच्या वर्षात देऊ नका, एवढंही कुणीतरी लिहून ठेवा.

लग्नाच्या वेळी प्रश्न आला की मुलांना होईल का. आम्ही दोघं अनुवंशतज्ज्ञांना भेटलो. इतर कुठला दोष नसेल तर धोका शंभरात तीन ते पाचच्या आसपास असतो असं कळलं. मात्र खालच्या ओठावर दोन बारीक खळगे असतील तर गोष्ट वेगळी, तो व्हॅन डर वूड सिंड्रोम असू शकतो आणि त्यात दोष निम्म्या मुलांपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे हेही तज्ज्ञ टीममध्ये हवेत.

गार्गी_नि

माझ्या मुलीला क्रूझॉन सिंड्रोम आहे, म्हणजे कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेले. आमच्या वाट्याला "उशी बदला, मोहरीची उशी घ्या" हा सल्ला बराच काळ आला. बहुतेक बाळांचं डोकं एका कुशीवर झोपून चपटं होतं आणि ते निरुपद्रवी असतं, हे खरं. पण सांध्यावर कडक उंचवटा लागत असेल किंवा आकार महिन्यागणिक बिघडत असेल तर थांबू नका. दुर्बिणीने होणारं छोटं ऑपरेशन साधारण पहिल्या तीन-चार महिन्यांतच करता येतं. उशीर झाला की मोठं ऑपरेशन.

इथे एकट्या सर्जनचं काम नाहीच. कवटी मेंदूचा सर्जन उघडतो, कपाळ-डोळ्यांची खोबण प्लास्टिक सर्जन पुढे आणतो, मेंदूवरचा दाब वाढतोय का हे नेत्रतज्ज्ञ डोळ्याच्या मागच्या पडद्यावर बघून सांगतो. फ्रान्सचे प्लास्टिक सर्जन पॉल टेसिए यांनी न्यूरोसर्जन गियो यांना सोबत घेऊनच ही शस्त्रक्रिया उभी केली आणि १९६७ मध्ये रोमच्या परिषदेत मांडली. म्हणजे या शाखेचा जन्मच दोन विभागांनी एका टेबलापाशी उभं राहण्यातून झाला.

पहिलटकर_बाबा

सगळं वाचलं. आमचं बाळ बारा दिवसांचं. ओठ ठीक, फक्त टाळू दुभंगलेली. हनुवटी अगदी लहान आहे. झोपल्यावर घोरल्यासारखा आवाज येतो आणि श्वास घेताना छातीखाली खड्डा पडतो. पुढच्या आठवड्यात प्लास्टिक सर्जनची वेळ मिळालीय. तोवर काय करू?

स्वरांजली

पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. आत्ताच्या आत्ता, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे अशा रुग्णालयात जा. लहान हनुवटी, मागे पडणारी जीभ आणि दुभंगलेली टाळू हे एकत्र असेल तर त्याला पिएर रॉबिन म्हणतात, त्यात श्वासाची वाट अडते. जाताना बाळाला पाठीवर निजवू नका. कुशीवर किंवा पालथं हातावर घ्या आणि नजर हलवू नका. वाटेत पाजू नका.

वैतरणा

स्वरांजली म्हणतात तसंच करा. गाडी नसेल तर १०८ ला फोन लावा, नवजात बाळ आहे आणि श्वासाचा त्रास आहे असं स्पष्ट सांगा.

पहिलटकर_बाबा

दाखल केलं. झोपेत ऑक्सिजन खाली जात होता. पालथं ठेवल्यावर पुष्कळ सुधारला, आता मॉनिटरवर आहे, दूध नाकातल्या नळीने चाललंय. कान-नाक-घशाचे डॉक्टर सकाळी श्वासाची वाट बघून गेले. गरज पडली तर जबडा हळूहळू पुढे ओढायचं ऑपरेशन असतं असं म्हणाले, पण आधी वाट बघणार. हृदयाचा इको उद्या आहे. इथल्या डॉक्टरबाईंना धागा दाखवला तर त्यांनी कॅल्शियम आणि गुणसूत्राची तपासणीही लिहून दिली. टाळूचं ऑपरेशन वर्षाच्या आसपास, श्वास आणि वजन बघून.

इथे समन्वयक असा कुणी नाही. कुणाला विचारू?

सई_ची_आई

सुटकेचा श्वास सोडला. दादा, घरी सोडायच्या आधी तिथल्या बालरोगतज्ज्ञांना एवढं विचारा: इको, कान, श्वास, पाजणं आणि टाळू या पाचही गोष्टींचे कागद कुणाकडे जाणार, आणि रात्री बाळ निळं पडलं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा. दोन्हींची उत्तरं डिस्चार्ज कार्डावरच लिहून घ्या. पालथं ठेवायचं की कुशीवर, किती दिवस, तेही त्यावर असू द्या, नाहीतर घरी आल्यावर प्रत्येक जण वेगळं सांगतं. नळी काढली की बाटलीबद्दल इथेच विचारा. तुमच्या बाळाला जोरात दाबून पाजता येणार नाही, आमच्यापेक्षा वेगळी पद्धत लागेल. लीड्सकर, तुमच्या नर्सने लहान हनुवटीच्या बाळांसाठी काही सांगितलं होतं का?

लीड्सकर

उद्या तिलाच फोन करून विचारते आणि लिहिते. तोवर एक: कुशीवर, थोडं उंचावर धरून, संथ धारेची बाटली, आणि श्वास चढला की लगेच थांबायचं. पण नळी काढायचा निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच.